एकसष्ट ते चौसष्ट मीटर

निवृत्तीला सात महिने उरले असताना धोंडोपंतांच्या टेबलावर एक फाइल आली. धोंडोपंत हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सगळी नोकरी दगडधोंड्यांत काढलेल्या या भूशास्त्रज्ञाला खात्यातल्या लोकांनी पाठीमागे दिलेलं ते नाव. पुढे लोक ते तोंडावरही म्हणू लागले आणि त्यांनीही कधी मनाला लावून घेतलं नाही. फाइलवरचा टेकडीचा क्रमांक वाचून मात्र त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. क्रमांक तोच होता.

बत्तीस वर्षांपूर्वी तांबं आणि शिसं मिळेल या आशेने एका कंपनीने ती टेकडी पोखरायला घेतली होती. नऊ बोअर मारले, एक बोगदा आत नेला, बोगदा ढासळला, आणि कंपनीने गाशा गुंडाळला. पुढे कंपनीच उरली नाही आणि जागा खात्याकडे आली. आता वर कुणाच्या तरी मनात आलं होतं की जुन्या जागा एकदा नव्याने तपासाव्यात. धातू असेल तर पुन्हा हात घालायचा, नसेल तर बोगद्याचं तोंड कायमचं बुजवून टाकायचं.

"तुम्हीच जाऊन या," वरिष्ठ म्हणाले. "इतकं जुनं काम कळणारी माणसं आता राहिलीत कुठे?"

धोंडोपंतांनी आपली पहिली नोकरी त्याच कंपनीत, त्याच टेकडीवर केली होती. ते त्यांच्या सेवापुस्तकात लिहिलेलं होतं, पण सेवापुस्तक वाचतो कोण? ते नाही म्हणू शकले असते. पण नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि ते कारण त्यांनी आजवर स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं.

टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याची एक लांबट शेड होती. आत दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या आणि त्यांवर लाकडी पेट्या. जमिनीत भोक पाडून वर काढलेला दगड त्या पेट्यांत ओळीने लावून ठेवला होता: मनगटाच्या जाडीचे गोल दांडे, जसजसं खोल जावं तसतसे पुढे. ड्रिलचा एक फेरा जिथे संपला तिथे लाकडाचा एक ठोकळा आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलेली खोली. अशा दोनशे चौदा पेट्या होत्या. इतकी वर्षं पडून असलेल्या मालावर बोटभर धूळ असणार अशी धोंडोपंतांची कल्पना होती. प्रत्यक्षात एका पेटीवरही धूळ नव्हती.

"आठवड्यातून दोनदा पुसते," राखणदार बाई म्हणाल्या.

त्या साठीच्या आसपासच्या होत्या, अंगाने बारीक. एका गुडघ्यावर जोर न देता चालत. त्यांचा नवरा कंपनीत ड्रिलवर मिस्तरी होता आणि बोगदा ढासळला तेव्हा तो आत राहिला. बाकीचे तिघे बाहेर आले. कंपनीने बाईंना शेडची राखण करायला ठेवलं आणि कंपनी गेल्यावर खात्याने मांडण्या, पेट्या आणि बाई असं सगळं एकाच यादीत ताब्यात घेतलं. शेडच्या मागच्या खोलीत त्यांनी मुलगी लहानाची मोठी केली. ती आता शहरातल्या दवाखान्यात नर्स होती. दर रविवारी फोन करायची आणि दर रविवारी तेच म्हणायची, आई, आता पुरे, इकडे ये.

"आधी कधी आला होतात का इकडे, साहेब?" बाईंनी चहाचा ग्लास पुढे करत विचारलं.

"नाही," धोंडोपंत म्हणाले.

त्या वेळी ते पंचवीस वर्षांचे होते, हडकुळे, दाढी वाढवलेले. आता डोक्यावर केस नव्हते आणि पोट पुढे आलं होतं. बाईंनी ओळखायचं काही कारणच नव्हतं.

काम सुरू झालं. पेटी खाली घ्यायची, दांड्यांवर पाणी मारायचं म्हणजे रंग खुलतो, मग भिंगातून पाहायचं आणि लिहायचं. ड्रायव्हर पेट्या उचलून द्यायचा आणि दर पेटीमागे म्हणायचा, "साहेब, दगड तो दगड, त्यात एवढं काय बघायचं?" बाई पाण्याचा डबा घेऊन शेजारी उभ्या राहत. दुसऱ्याच दिवशी धोंडोपंतांच्या लक्षात आलं, की या बाईंना सगळं ठाऊक आहे, फक्त नावं त्यांची स्वतःची आहेत.

"हा आरसा," त्या चकाकत्या करड्या चौकोनी कणांवर बोट ठेवून म्हणत. ते शिशाचं खनिज होतं. तांब्याच्या पिवळ्या खनिजाला त्या पितळ म्हणत, आणि भेगांत बसलेल्या हिरव्या पुटाला शेवाळ. पांढरी गारगोटी तेवढी गारगोटीच होती.

"आरसा आणि पितळ दोन्ही गारगोटीतच असतात, नाही का?" त्यांनी विचारलं. "बाजूच्या पापुद्र्यांच्या दगडात नसतात."

"बरोबर. खडकाला मोठी भेग गेली. खालून गरम पाणी आलं आणि त्या पाण्यातून गारगोटी जमली. तिच्याबरोबर धातू आला. ती गारगोटीची शीर जिथवर, तिथवर धातू."

"मग शीर कुठवर आहे?"

"तेच तर बघायचंय."

बाईंनी पाण्याचा डबा खाली ठेवला. "असली, तर बोगदा पुन्हा उघडतील ना? मग ह्यांना बाहेर काढतील."

धोंडोपंतांनी भिंग खिशात ठेवलं, परत काढलं. "आधी सगळ्या पेट्या तर होऊ देत," ते म्हणाले.

पहिल्या बोअरात ती शीर दोन हात रुंद होती आणि आरसा तिच्यात नुसता लखलखत होता. तिसऱ्यात ती वीतभर झाली. पाचव्यात चार बोटं. बाई पाणी मारायच्या आणि वाकून पाहायच्या. त्यांनाही दिसत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी सातव्या बोअरच्या पेट्या खाली आल्या. त्या दिवशी धोंडोपंतांनी चहाला हात लावला नव्हता. सोळाव्या पेटीत एकसष्ट मीटरला एक ठोकळा होता आणि त्याला लागूनच दुसरा, चौसष्टचा. दोन्हींच्या मध्ये दगड नव्हताच. मूठभर वाळकी राखाडी माती तेवढी तळाला चिकटून होती. खडक दोन्हीकडून एकमेकांवर घासून इतका भरडला गेला होता, की ड्रिलच्या पाण्याबरोबर वाहूनच गेला. अशा पट्ट्याला भ्रंश म्हणतात. बोगदा नेणाऱ्याला सगळ्यात आधी ठाऊक असायला हवी ती गोष्ट हीच.

पहिल्या ठोकळ्याच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: तीन मीटर चिखल. माल आला नाही. वरच्याला सांगितलं.

"ह्यांचं अक्षर आहे," बाई म्हणाल्या. "सगळ्या ठोकळ्यांवर ह्यांचंच आहे, पण आकडे सोडून शब्द फक्त या एकावर. दुसरा कागद नाही माझ्याकडे त्यांच्या हातचा. लिहायचा कंटाळा होता त्यांना." त्यांनी ठोकळा हातात घेतला. "साहेब, एक विचारू? आजवर तिघे साहेब येऊन गेले, तिघांनाही विचारलं. हा वरचा म्हणजे कोण?"

ते तिघे काय म्हणाले असतील ते धोंडोपंतांना न सांगता कळत होतं. कंपनीचा कुणीतरी असेल, आता काय पत्ता लागणार. त्यांनाही तसंच म्हणता आलं असतं. ड्रायव्हर दाराशी टेकून मोबाइल बघत होता.

"मी," धोंडोपंत म्हणाले.

बाईंना नीट ऐकू आलं नसावं असं वाटून ते पुन्हा म्हणाले, "मी, बाई. या बोअरची नोंद मी केली होती."

"तुम्ही तर आधी कधी आला नव्हतात."

"खोटं बोललो."

त्यांनी बॅगेतल्या फाइलमधून एक पिवळा पडलेला कागद काढून पेटीवर ठेवला. सातव्या बोअरची मूळ नोंद. खाली त्यांचीच सही होती, तेव्हाची, शेपटीवाली. छपन्न ते एकसष्ट मीटर: पापुद्र्यांचा खडक, बारीक गारगोटी, घट्ट. त्याखालच्या ओळीत, एकसष्ट ते चौसष्टसमोर, एकच शब्द होता.

"व-री-ल-प्र-मा-णे," बाईंनी बोट ठेवून वाचलं. "म्हणजे?"

"म्हणजे वर लिहिलंय तेच. घट्ट खडक."

"पण ह्यांनी तर सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. नीट, समोर उभं राहून सांगितलं होतं. साहेब, इथे नुसता चिखल लागला, जरा बघून घ्या म्हणाले. मी म्हणालो, बघतो. माझी बदली झाली होती. त्या दिवशी चार वाजता जीप सुटणार होती, ती चुकली असती तर पुढे तीन दिवस दुसरी नव्हती. पुष्कळ पानं भरायची राहिली होती. मी पेटी उघडलीच नाही."

बाहेर पत्र्यावर कसला तरी पक्षी चालत होता, त्याच्या नख्यांचा आवाज येत होता.

"मग? पोचलात का वेळेवर?" बाईंनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"हो," धोंडोपंत म्हणाले.

बाईंनी त्या एका शब्दावरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मी इतकी वर्षं विचार करत बसले, की ठाऊक असून हे आत गेले कसे. ह्यांना ठाऊक होतं ना तिथे चिखल आहे ते. आता कळलं. सांगितलंय म्हणजे साहेबांनी बघितलं असेल, असं धरून गेले."

त्यांनी ठोकळा होता तिथे, होता तसा ठेवला. चहाचा भरलेला ग्लास उचलला आणि मागच्या खोलीत निघून गेल्या.

पुढचे दोन दिवस त्या शेडमध्ये आल्या नाहीत. सकाळी कुलूप उघडायच्या आणि परत जायच्या. ड्रायव्हरने विचारलं, "साहेब, बाईंचं काही बिनसलं का?" धोंडोपंत म्हणाले, "माझ्यामुळे," आणि स्वतःच पाण्याचा डबा घेऊन बसले.

उरलेल्या पेट्यांनी जे सांगितलं ते त्यांना पहिल्या दिवसापासूनच जाणवत होतं. सातव्या बोअरात एकसष्ट मीटरपर्यंत गारगोटी बारीक का होईना, होती. चौसष्टच्या पुढे तिचा मागमूस नव्हता. भ्रंशाने शीर सुरीने कापावी तशी कापली होती आणि पलीकडचा तुकडा कुठे सरकला ते नऊ बोअरांपैकी एकालाही सापडलं नव्हतं. म्हणजे ते तीन मीटर त्यांनी खरे लिहिले असते, तर कंपनीच्या मोठ्या साहेबांनी नकाशावर तिथेच रेघ मारून काम थांबवलं असतं. बोगदा त्या पट्ट्यात नेलाच नसता. नेऊन मिळणार काही नव्हतं. मिस्तरी जिथे गेला तिथे जायचं काही कारणच नव्हतं. धोंडोपंतांनी भिंग खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून, पाय पसरून जमिनीवर बसून राहिले. ड्रायव्हरने पाणी आणून दिलं ते त्यांनी घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. त्यांनी केस विंचरले होते आणि लुगडं धुतलेलं होतं, पण डोळे सुजलेले होते.

"धातू आहे की नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाई."

"मग तुम्ही नाही म्हणून लिहिणार आणि ते तोंड बुजवणार."

"हो."

"तुम्ही एकदा खोटं लिहिलंत, त्यात माझा माणूस गेला." त्यांचा आवाज चढला नाही. "आता आणखी एकदा लिहा. आहे म्हणून लिहा. तुमचं काय जाणार आहे? ड्रायव्हर सांगत होता, सहा-सात महिन्यांत घरी बसाल. उघडू देत त्यांना. हाडं तरी बाहेर येतील. मुलीला बाप आठवत नाही हो माझ्या. तीन वर्षांची होती."

त्या क्षणी धोंडोपंतांनी मनातल्या मनात ते लिहूनही पाहिलं. दोन आकडे इकडचे तिकडे केले की झालं. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं, आणि मागणारी व्यक्ती समोर उभी होती.

"उघडायचं म्हणजे माणसं आत घालावी लागतील," ते शेवटी म्हणाले. "तोच पट्टा आहे. कंपनीने दोनदा खणून बघितलं, दोन्हीदा वरून चिखल आला. आता जातील ती पोरं वीस-बावीस वर्षांची असतील. त्यांना मी घट्ट आहे म्हणून सांगू?"

बाई पेटीच्या कडेवर बसल्या. पदराने त्यांनी पेटीचा कोपरा पुसला, जो आधीच स्वच्छ होता.

"नको," त्या म्हणाल्या. "नको मग."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्यांच्या सोबत बसायला तेवढं मला जाता येईल ना? तोंड बुजवल्यावर? मी सात नंबरच्या टोपीपाशी बसते. त्याच्याच खाली ना हे?"

बोअर मारून झाला की त्याच्या तोंडावर लोखंडी टोपी बसवतात. सातव्याची टोपी टेकडीच्या उतारावर होती. हेही सांगावं लागणार होतं.

"बाई, तो बोअर सरळ खाली गेलेला नाही. तिरका मारलाय. मिस्तरी आहेत ती जागा टोपीच्या खाली नाही. तीस-एकतीस मीटर पूर्वेला आहे."

"म्हणजे इतकी वर्षं मी भलतीकडेच बसत होते?"

"चला," धोंडोपंत म्हणाले. "मी मोजून देतो."

त्यांनी बोगद्याचा जुना नकाशा काढला. होकायंत्र, टेप, एक लोखंडी सळई आणि हातोडा घेतला. ड्रायव्हरला टेपचं एक टोक धरायला दिलं. त्याने एकदाही दगड तो दगड म्हटलं नाही. बाईंच्या गुडघ्यामुळे चढायला अर्धा तास लागला. धोंडोपंतांनी आधी टोपीपासून माप घेतलं, मग खाली उतरून बोगद्याच्या तोंडापासून. दोन्ही मापं हातभर चुकली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. तिसऱ्यांदाही मोजलं. ड्रायव्हर दमला होता, पण त्याने टेप ताणून धरली. तिसऱ्यांदा दोन्ही मापं एका ठिकाणी आली. तिथे गंजलेल्या रंगाची मुरमाड जमीन होती, दोन-तीन खुरटी झुडपं आणि एका दगडावर हिरवं पुट. धोंडोपंतांनी सळई ठोकली.

"इथे?" बाईंनी विचारलं.

"इथे. एखादं पाऊल इकडेतिकडे."

"किती खोल?"

"इथून सरळ खाली चव्वेचाळीस मीटर." बाईंचा चेहरा बघून ते म्हणाले, "चौदा मजल्यांची इमारत उभी मावेल, इतकं."

त्या खाली बसल्या. आधी त्यांनी हाताने बारीक खडे बाजूला केले, अंथरूण घालण्याआधी करतात तसे. मग तळवा जमिनीवर टेकवला आणि तसाच ठेवला. त्यांचे खांदे हलत होते. धोंडोपंत काही बोलू पाहत होते. माफ करा हा शब्द त्यांच्या तोंडापर्यंत आला आणि त्यांना तो फार लहान वाटला.

"तुम्ही खाली जा, साहेब," बाई म्हणाल्या. "मला इथे तुम्ही नको आहात."

ते आणि ड्रायव्हर खाली येऊन गाडीपाशी थांबले. उन्हं डोक्यावर आली, मग कलली. दुपारी केव्हातरी बाई एकट्याच, धरत सावरत उतरून आल्या आणि त्यांच्याकडे न बघता खोलीत गेल्या.

अहवालात धोंडोपंतांनी धातू नाही असं लिहिलं. त्याला जोडून एक वेगळं पान लिहिलं: सातव्या बोअरची मूळ नोंद चुकीची होती, ती मी न पाहता केली, ड्रिलवरच्या मिस्तरीने वेळेवर सूचना दिली होती, आणि बोगद्यातला मृत्यू त्या चुकीमुळे झाला. वरिष्ठांनी त्यांना बोलावून घेतलं. "अहो, हे कशाला आता? ती कंपनी नाही, ते साहेब हयात नाहीत. तुमच्या निवृत्तीच्या तोंडावर नस्ती भानगड." धोंडोपंत म्हणाले, पान काढायचं असेल तर अहवालावरची माझी सहीही काढा. पान राहिलं. त्यांना वाटत होतं चौकशी होईल, कुणी प्रश्न विचारील, काहीतरी होईल. दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: नोंद घेण्यात आली आहे.

त्या उत्तराची आणि त्या पानाची एक प्रत त्यांनी बाईंना पाठवली. मुलीने वाचून दाखवली असं त्यांना नंतर कळलं.

बोगद्याच्या तोंडावर काँक्रीटची भिंत उभी राहिली. पेट्या खात्याच्या मोठ्या गोदामात हलवल्या, शेडचे पत्रे उतरवले, आणि बाईंना मुलगी येऊन घेऊन गेली. त्या जायला निघाल्या तेव्हा रडल्या नाहीत, असं ड्रायव्हर म्हणाला. त्यानेच त्यांचं सामान पोचवलं होतं. फक्त गाडी वळणावर आली तेव्हा त्यांनी काच खाली करायला सांगितली आणि टेकडी दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून बसल्या.

निवृत्त झाल्यावर धोंडोपंतांनी त्यांना दोनदा फोन केला. पहिल्यांदा मुलीने उचलला आणि आई झोपली आहे म्हणाली. दुसऱ्यांदा बाईंनी स्वतः घेतला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. चौथ्या मजल्यावर राहत होत्या, जिन्याची सवय होत होती. नात शाळेत जाऊ लागली होती. धोंडोपंत ऐकत राहिले.

"साहेब," बाई म्हणाल्या, "तुम्ही खरं सांगितलंत ते बरं केलंत. पण तुमचा आवाज ऐकला की मला तो दिवस आठवतो. म्हणून यापुढे फोन करू नका."

"बरं," धोंडोपंत म्हणाले.

"तब्येतीला जपा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर धोंडोपंतांनी कधी फोन केला नाही.